सोलापूरचा भुईकोट: आधी वेळ, मग सोयी, मग कार्यक्रम

खंदकाकाठ:

पार्क चौकातून सिद्धेश्वर मंदिराकडे जाणाऱ्याला किल्ला रोज दिसतो. पण घरात विचारून बघा, आत शेवटचं कधी गेला होतात? बहुतेकांना शाळेची सहल आठवते. शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोठी, सावलीची जागा आहे आणि ती आपल्या रोजच्या जगण्यात नाही. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा काढलाय.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात. बहमनी काळातला हा भुईकोट. दुहेरी तट, तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. या किल्ल्यावरून आदिलशाही आणि निजामशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. शेवटी हुसेन निजामशहाने चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी लावलं तेव्हा हाच किल्ला आंदण दिला. त्या सोयरिकीमुळेच १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दोन्ही दरबार एका बाजूने उभे राहिले. १६६८ मध्ये तो मोगलांकडे गेला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्‌रोच्या फौजेने पेशव्यांच्या शिबंदीकडून तो घेतला. आत मल्लिकार्जुन मंदिराचे उत्खननात उघडे पडलेले अवशेष आहेत, बत्तीस खांबांची इमारत आहे, फारसी शिलालेख आहेत. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांच्या बाराव्या शतकापासून कंपनी सरकारपर्यंतचं सगळं एका फेरीत बघून होतं. अशी जागा महाराष्ट्रात फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली आहे.

आता मुद्दा. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. तिकीट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेळेची आहे. संरक्षित स्मारकं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात. कोकणात, महाबळेश्वरात हे चालेल. सोलापुरात फेब्रुवारी सरला की अकरा ते पाच माणूस घराबाहेर पडत नाही, आणि मे महिन्यात तर तटाचा दगड संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागतो. आपलं गाव बाहेर पडतं ते दिवे लागल्यावर. होम मैदानावर, पार्क चौकात, तलावाच्या कडेला बायका-मुलं, म्हातारी माणसं त्याच वेळी येतात. नेमक्या त्याच वेळी किल्ल्याचं दार लागतं. म्हणजे वर्षातले चार महिने किल्ला उघडा असतो तेव्हा कोणी येऊ शकत नाही, आणि माणसं येऊ शकतात तेव्हा तो बंद.

किल्ल्याचं पुनरुज्जीवन म्हटलं की आपल्याकडे रोषणाई, कारंजी आणि दोन दिवसांचा महोत्सव डोळ्यांपुढे येतो. महोत्सव संपला की मंडपाचे खड्डे उरतात आणि किल्ला पुन्हा वर्षभर तसाच. माझं म्हणणं उलट क्रमाचं आहे. आधी वेळ वाढवून मागायची. मग सोयी: पाणी, स्वच्छतागृह, बसायची जागा, सगळ्यांना वाचता येतील असे फलक. आणि माणसं रोज यायला लागली की मग कार्यक्रम, तेही लहान. तटाखालच्या हिरवळीवर दीडशे माणसं बसून वचनगायन, म्हणजे शरणांची कन्नड वचनं, ऐकतायत, पुढच्या आठवड्यात दखनी मुशायरा, त्यानंतर एखाद्या कॉलेजची एकांकिका. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा ज्या गावात रस्त्यावर ऐकू येतात, त्या गावाला असं एक अंगण हवं.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांचा या कामाशी संबंध आला आहे त्यांनी लिहा.

विजापूरवेस:

वेळेच्या मुद्द्याला जोरदार पाठिंबा, आणि त्याला आधारही देतो. २०१९ च्या जुलैमध्ये पुरातत्त्व खात्याने देशातल्या १० स्मारकांची वेळ रात्री ९ पर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं होतं. त्यात दिल्लीचा हुमायूनचा मकबरा होता, पाटणची राणी की वाव होती, आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे विजापूरचा गोल घुमट होता. महाराष्ट्रातून गडचिरोलीतला मार्कंडा मंदिरसमूह होता. म्हणजे खात्याला हे अशक्य नाही. विजापूर आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, ऊनही तेच. जे कारण तिथे मान्य झालं ते इथे का मांडू नये?

पत्र लिहायचं तर 'किल्ला रात्री उघडा ठेवा' असं मोघम नको. मार्च ते जून या चार महिन्यांपुरती वेळ वाढवा, असं मागा. मागणी लहान आणि हिशेबी असेल तर टेबलावर अडकत नाही.

दगडचुना:

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

कार्यक्रमांची भाषा सुरू करण्याआधी तटाकडे जवळून बघा. सांध्यांत पिंपळ आणि वड धरलेत. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, चुना ओल धरतो, रोप उगवतं. वरून वीतभर दिसतं, पण मूळ आत चार-पाच हात गेलेलं असतं आणि दर पावसाळ्यात ते दगड थोडा थोडा पुढे ढकलतं. लोक उत्साहाने 'स्वच्छता मोहीम' काढतात आणि रोप हिसकून उपटतात. त्याने मुळासकट आतला चुना निघून येतो आणि भोक पडतं, किंवा मूळ आत तुटून दुप्पट जोमाने फुटतं. बरोबर पद्धत म्हणजे खोड बुंध्याशी कापायचं, कापलेल्या तोंडाला लगेच औषध लावायचं, मूळ मरून वाळेपर्यंत थांबायचं आणि मग सांधा चुन्याने भरायचा. यात घाई चालत नाही.

दुसरं, सिमेंट. जुन्या दगडी भिंतीत ओल येते आणि चुन्याच्या सांध्यातून श्वासासारखी बाहेर जाते. सांधा सिमेंटने भरला की ओलीला वाट उरत नाही, ती दगडातून बाहेर पडते, क्षार घेऊन येते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दहा वर्षांत सांधा जागेवर आणि दगड झिजलेला, असं चित्र मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. चुना नीट भिजवून मुरवायचा, वाळू घालून घाण्यात मळायचा, गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळ हे गवंड्याच्या परंपरेप्रमाणे घालायचं. हे काम येणारे हात कमी होत चाललेत. 'सांस्कृतिक वापर' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हेच येतं. किल्ल्यातच चुन्याच्या कामाचं शिक्षण का देऊ नये? आयटीआयची पोरं, गवंड्यांची पोरं येतील, खात्याच्या देखरेखीखाली एकेक सांधा भरायला शिकतील. लोकांना ते काम बघायलाही आवडेल.

आवाजाबद्दल: मोठे बेस स्पीकर तटाला टेकवून लावू नका, एवढी अट पत्राच्या पहिल्या पानावर हवी. सैल झालेल्या दर्शनी दगडांना सतत धक्के बसले तर आजच्या आज काही दिसणार नाही, पण एखाद्या पावसात बुरुजाचा तुकडा खाली येईल.

खंदकाकाठ:

दगडचुना, याच प्रतिसादाची वाट बघत होतो. चुन्याच्या शिक्षणाची कल्पना माझ्या मूळ यादीत नव्हती, आता सर्वांत वर घालतो. दीडशे माणसांचा कार्यक्रम म्हणालो तो याच भीतीपोटी. माणसाचा उघडा आवाज, पेटी, तबला, एकतारी एवढ्यावर होणारे कार्यक्रमच तिथे व्हावेत.

पूर्वभागकर:

मी पूर्व भागातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आमच्याकडे यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर कानात असतो आणि घराघरांत बायका विड्या वळत बसलेल्या असतात. संध्याकाळी पाय मोकळे करायला शांत जागा आमच्या भागात नाही. म्हणून किल्ला रात्री उघडा राहिला तर आमच्यापेक्षा जास्त आनंद कोणाला होणार नाही.

पण एक भीती स्पष्ट सांगतो. पुनरुज्जीवन झालं की जागा चकाचक होते, कॅफे येतो, तिकीट वाढतं, पार्किंगला पैसे, आणि शेंगाचटणी-भाकरीचा डबा घेऊन आलेल्या कुटुंबाला गेटवरच 'बाहेरचं खाणं आत नाही' म्हणून अडवतात. मग ती जागा सोलापूरची राहते, पण आमची राहत नाही. त्यामुळे कितीही मोठा प्रायोजक आला तरी डबा खायला एक जागा ठरवून ठेवा, हे लेखी असलं पाहिजे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना खात्याच्या स्मारकांत तिकीट नसतं, ही चांगली गोष्ट आहे. तसंच आठवड्यातली एखादी संध्याकाळ सगळ्यांनाच मोफत मागा.

आणि हो, किल्ल्यात चादरीचं काही करता येईल का बघा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण हातमागावर चादर कशी विणली जाते हे आमच्याच पोरांनी पाहिलेलं नाही. विक्रीचा स्टॉल नको, चालू माग हवा. आमच्या भागात अजून म्हातारे विणकर आहेत.

बाराबंदी:

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीची, सेवा आमच्या घरात पिढीजात आहे, त्या बाजूने लिहितो.

मकरसंक्रांतीच्या दिवसांत किल्ला, तलाव, मंदिर आणि होम मैदान हा सगळा मिळून एकच परिसर असतो. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतली माणसं जिथवर नजर जाईल तिथवर असतात. त्या गर्दीत कोणी 'ही महापालिकेची हद्द, ही देवस्थानची, ही पुरातत्त्वची' असं बघत नाही. पण वर्षाचे उरलेले दिवस प्रत्येक हद्दीला आपापलं कुंपण आणि आपापली वेळ. किल्ल्याचं जे काही करायचं ते या चारही जागा एकत्र धरून करा. तलावाच्या पाण्याला वास येत असेल तर तटावर बसून कोणी वचनं ऐकणार नाही. आधी तलावात काय काय मिसळतं ते थांबलं पाहिजे.

नंदीध्वजांच्या मार्गात आणि होम मैदानाच्या कडेला कायमचं काहीही उभारू नका, ही विनंती आणि आग्रह दोन्ही. काठ्या उंच असतात, वळायला जागा लागते. आराखडा काढणाऱ्याने एकदा यात्रेत मार्गावरून चालून बघावं.

दूरदेशीसोलापूरकर:

मी सध्या युरोपात नोकरीला आहे. इथलं एक उदाहरण सांगतो. क्रोएशियात शिबेनिक नावाचं समुद्रकाठचं छोटं शहर आहे, लोकवस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथला सेंट मायकेलचा किल्ला वर्षानुवर्षं पडीक होता. युरोपीय संघाच्या पैशातून दुरुस्ती करून २०१४ मध्ये तो उघडला आणि आत हजारभर माणसांचं खुलं नाट्यगृह केलं. दोन वर्षांनी शेजारचा बारोने किल्ला, आणि मग तिसराही. पण मला त्यांच्या बांधकामापेक्षा कारभाराचं कौतुक वाटतं. शहराने किल्ल्यांसाठी वेगळी सार्वजनिक संस्था काढली. तिकिटाचे, कार्यक्रमांचे पैसे तिच्याकडे येतात आणि किल्ल्यांवरच खर्च होतात. तिथे काय चालू आहे हे रोज बघणारी पगारी माणसं आहेत. ठेकेदार आला, काम केलं, बिल घेतलं आणि गेला, असं नाही.

सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत होतं, २०१६ मध्ये. तेव्हा आम्ही इथे बसूनसुद्धा किती खूश झालो होतो. तो पैसा आला, कामं झाली, पण कामं झाल्यावर ती सांभाळणारं कोण, हा प्रश्न तसाच राहतो. किल्ल्याच्या बाबतीत तो आधी सोडवा.

विजापूरवेस:

उदाहरण चांगलं आहे, पण शिबेनिकसारखं नाट्यगृह इथे शब्दशः होणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी संकल्पचित्र काढून फिरवेल. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती बघा. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. आत कार्यक्रम करायचा तर १९५९ च्या नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते. त्यामुळे जे काही असेल ते सकाळी मांडून रात्री उचलता येईल असंच हवं: सतरंज्या, घडीचा रंगमंच, हलके दिवे. मला ही अडचण वाटत नाही. उलट या अटीमुळेच किल्ला वाचेल.

जवळचं उदाहरण हवं तर शिबेनिकला कशाला, नळदुर्गला जा. हैदराबाद रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. तो राज्य संरक्षित आहे, केंद्राचा नाही, त्यामुळे राज्याच्या महावैभव योजनेत सोलापूरच्याच एका खासगी कंपनीला संगोपनासाठी देता आला. त्यानंतर तिथे बाग झाली, बोटी आल्या, नर-मादी धबधबा आणि पाणीमहाल बघायला पावसाळ्यात रांगा लागायला लागल्या. काही जणांना ते सगळं जास्त 'पिकनिक'छाप वाटतं, मलाही थोडं वाटतं. पण त्याआधी तिथे काटेरी झुडपांतून वाट काढावी लागायची, तेही विसरू नये. केंद्राकडेही 'अडॉप्ट अ हेरिटेज' योजना आहे, २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. सोलापुरातल्या एखाद्या उद्योगाने ती वाचावी. मात्र पूर्वभागकरांनी मांडलेल्या अटी करारात असल्याच पाहिजेत.

शाळेचीबाई:

मी शिक्षिका आहे, दरवर्षी मुलांना किल्ल्यात नेते. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक फलकांची. माझ्या वर्गात घरी कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं आहेत. मागे एका उर्दू माध्यमातल्या शाळेबरोबर एकत्र सहल काढली होती. फारसी शिलालेखापाशी आमची मुलं नुसती बघत राहिली आणि त्या शाळेतल्या एका मुलीने बोटाने अक्षरं लावत लावत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सगळे शब्द तिला कळत नव्हते, पण अक्षरं ओळखीची होती. नंतर मंदिराच्या अवशेषांपाशी आमच्यातल्याच एका लिंगायत घरातल्या मुलाने सिद्धरामेश्वरांचं वचन म्हणून दाखवलं, आणि त्या मुलीने ते पुन्हा म्हणायला लावलं. मला त्या दिवशी शिकवायला काही उरलंच नाही. म्हणून म्हणते, चारही भाषांतले फलक हवेत, आणि अमुकने बांधलं, तमुकने पाडलं एवढ्यावर थांबणारे नकोत. कोणत्या दगडावर काय लिहिलंय, तो आधी कुठे होता, नंतर कुठे बसवला, हे मुलांना समजेल असं लिहा. आपल्याच जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. त्याची मोठी प्रतिकृती किल्ल्यात लावली तर मुलांना दगडावरच्या लिपीची गोडी तिथेच लागेल.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. सगळे वेळ वाढवा म्हणताय, मलाही हवंय. पण रात्री साडेआठला मी माझ्या मुलीला घेऊन किल्ल्यात यावं असं वाटत असेल तर स्वच्छ, दिवा असलेलं, पाणी असलेलं, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह आधी लागेल. आणि आतल्या पायवाटेवर, दरवाजाच्या वळणांवर उजेड. तटावर रंगीत दिवे नंतर लावा, आधी पायाखाली लावा. आवारात पहारेकऱ्यांमध्ये बायका हव्यात. नाहीतर वाढीव वेळ फक्त पुरुषांना मिळेल.

सातरस्ता:

शाळेचीबाईंना शंभर टक्के अनुमोदन. आमची आई गुडघ्यांमुळे गेली कित्येक वर्षं आत येत नाही. दरवाजातली फरसबंदी उंचसखल आहे. लाकडी फळ्यांची उचलता येणारी उताराची वाट केली तर चाकाची खुर्चीही जाईल. लई खर्चाचं काम नाही हे.

कडकभाकरी:

मी विरोधात नाही, पण काळजी मांडतो. आत्ता दिवसा उघडा असतानाही भिंतींवर नावं कोरतात, प्लॅस्टिक टाकतात. रात्री उघडला तर काय होईल बे? आधी शिस्त, मग वेळ.

खंदकाकाठ:

काळजी खरी आहे. पण नावं कोरली जातात ती ओस पडलेल्या कोपऱ्यांत. जिथे संध्याकाळी चार आजोबा बसलेले असतात, पोरं अभ्यास करत असतात, एक गवंडी सांधा भरत असतो, तिथे खिळा काढून भिंत कोरायची हिंमत होत नाही. ओळखीची माणसं रोज दिसली की जागेला आपसूक पहारा लागतो. तरी पहारेकरी हवेतच, आणि भिंत कोरली तर कायद्याने शिक्षा आहे, हे चारही भाषांत गेटवर लिहायला हवं.

पत्राचा मसुदा आता असा धरतो. पुरातत्त्व खात्याला: मार्च ते जून रात्री ९ पर्यंत वेळ, आठवड्यात एक मोफत संध्याकाळ, डबा खायला ठरलेली जागा, पायवाटेवर उजेड, चारही भाषांत फलक, उतार, चुन्याच्या कामाचं शिक्षण, हातमाग आणि आवाज न वाढवता लहान कार्यक्रम, तेही लेखी परवानगीने. महापालिकेला आणि देवस्थानला: तलावात काय मिसळतं त्याची तपासणी, आणि या परिसराचा कोणताही आराखडा यात्रेचा मार्ग मोकळा ठेवूनच. सगळ्या यंत्रणांना मिळून: एक कायमची समिती, जिच्यात पूर्व भागातले विणकर, यात्रेचे मानकरी आणि शिक्षक असतील.

स्वच्छतागृहाबद्दल शंका आहे. १०० मीटरच्या निर्बंधामुळे तेही अडेल का?

विजापूरवेस:

नाही अडणार. २०१० च्या दुरुस्तीतच 'बांधकाम' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यातून सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, गटारांची कामं, लोकांसाठी पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा या गोष्टी वगळल्या आहेत. म्हणजे पाणी, दिवा आणि स्वच्छतागृह या तिन्हींना तो निर्बंध आड येत नाही. प्रत्यक्ष स्मारकाच्या आत मात्र जागा कोणती हे खात्यानेच ठरवावं लागेल, म्हणून पत्रात जागा सुचवू नका, गरज लिहा. आणि हे कलम पत्रात जसंच्या तसं उतरवा, म्हणजे 'कायद्यात बसत नाही' असं उत्तर येणार नाही.

शाळेचीबाई:

मग तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्या. सह्यांचे कागद मी शाळेच्या पालकसभेत ठेवते. कन्नड आणि उर्दू मसुदा आमच्या सहकारी शिक्षिका करून देतील. तेलुगूचं पूर्वभागकरांनी बघावं.

पूर्वभागकर:

बघतो की. रविवारी आमच्या गल्लीत वाचून दाखवतो, म्हाताऱ्यांचं काय म्हणणं पडतं ते इथे लिहितो.